वर्तुळाला बाजू किती? वेबवरच्या यंत्रप्रतिमांची समीक्षा

(सावेडी, अहिल्यानगर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



सावेडीत बोलायचं म्हणजे एक सोय असते. इथून मनमाड रस्त्याला लागलं की थोड्या वेळात नागापूरची एमआयडीसी येते. त्यामुळं समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ‘बोअर’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उरलेल्या निम्म्यांना ते करू नये, एवढीच काळजी मला घ्यायची आहे. (हशा)

यंत्राचं कॅड मॉडेल ब्राउझरमध्ये दाखवायचं, मोबाइलवर बोटानं फिरवता येईल असं, तर आधी त्या फाइलचं रूपांतर करावं लागतं. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. आज त्याकडे मी समीक्षेचा विषय म्हणून बघणार आहे. कादंबरीचा अनुवाद झाला की आपण विचारतो ना, काय आलं, काय राहिलं, अनुवादकानं कुठं स्वातंत्र्य घेतलं? यंत्राच्या या अनुवादाला असं कुणी विचारत नाही. पान पटकन उघडतंय का, मॉडेल फिरतंय का, चकाकतंय का. झालं, पास. हे इतकं सोपं परीक्षण पुरेसं नाही, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मला कसं कळलं ते आधी सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून सांगायला बरं.

काही वर्षांपूर्वी एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं काम माझ्याकडं आलं. नाव सांगत नाही. त्यांना त्यांचे पंप वेबसाइटवर फिरते दाखवायचे होते, डीलर लोकांसाठी. अट एकच, फोनवर पान लवकर उघडलं पाहिजे. मी त्यांच्या स्टेप फाइल घेतल्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, जे सेटिंग आधीपासून ठरलेलं होतं तेच राहू दिलं, आणि फाइल काढून दिल्या. सुंदर दिसत होत्या. कंपनी खूश, मी खूश.

त्याच कंपनीचं पंपाच्या हाउसिंगला फ्लँजची सहा भोकं पाडायचं जॉब वर्क नागापुरातल्या एका छोट्या शॉपला गेलं. शॉपचे मालक जुने टर्नर, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. बोअर आधीच झालेला, ५० मिलिमीटरचा. त्या बोअरमध्ये पिन बसवायची, त्यावर हाउसिंग टेकवायचं आणि भोकं पाडायची, असं फिक्स्चर त्यांना करायचं होतं. ऑर्डर आली, ड्रॉइंग मात्र ‘उद्या पाठवतो’. तो उद्या काही उगवेना. मामांच्या मुलानं लॅपटॉपवर कंपनीची साइट उघडली. मॉडेल होतंच. त्या व्ह्यूअरमध्ये मोजपट्टीचं बटण होतं. त्यानं बोअरच्या समोरासमोरच्या कडा धरल्या आणि आकडा आला : ४९.५७२.

तीन दशांश स्थळं, बरं का.

मामांनी ४९.५५ची पिन केली. हाउसिंग आल्यावर बसवून बघितलं तर ती ढिली लागली. व्हर्नियर लावला तर बोअर पन्नास भरला. ‘म्हटलं माझा व्हर्नियर जुना झालाय,’ असं मला नंतर म्हणाले. पहिला नग तपासला, तर भोकांची आपापसांतली अंतरं बरोबर होती. बोअरच्या केंद्रापासून ती सगळीच्या सगळी सरकली होती, ते त्यांच्याकडं तपासलं गेलं नाही. अडतीस हाउसिंग परत आली आणि पैसे मामांच्या बिलातून कापले गेले. मला हे कळलं सात-आठ महिन्यांनी, एका लग्नाच्या पंगतीत. मामा रागावले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, ‘साहेब, तुमच्या त्या चित्रात बोअर ४९.५७ का होता?’

या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे.

कॅडमध्ये बोअर म्हणजे खराखुरा दंडगोल असतो. फाइलमध्ये लिहिलेलं असतं : अक्ष इथं, त्रिज्या २५. बस. वक्र पृष्ठभाग असतील तर त्यांची सूत्रं असतात. गाड्यांच्या पत्र्यासाठी ही सूत्रं फ्रान्समध्ये रेनोमध्ये बेझिए आणि सित्रोएनमध्ये द कास्तेल्झो यांनी साठच्या दशकाच्या आसपास बसवली, तेव्हापासून ती परंपरा आहे. सूत्र कितीही जवळ जाऊन बघा, गुळगुळीतच राहतं.

पण फोनच्या ग्राफिक्स चिपला सूत्र कळत नाही, तिला त्रिकोण कळतात. म्हणून रूपांतर करताना सगळ्या पृष्ठभागांची त्रिकोणांची जाळी विणावी लागते आणि वर्तुळाचा बहुभुज होतो. किती बाजूंचा? ते तुम्ही सांगायचं असतं. मी सांगितलं नव्हतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोनाची मर्यादा १५ अंश होती. ३६० भागिले १५ म्हणजे २४ बाजू. बहुभुजाचे कोपरे खऱ्या वर्तुळावर असतात आणि बाजू आत दबलेल्या. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर म्हणजे ५० गुणिले साडेसात अंशांचा कोसाइन. करून बघा कॅल्क्युलेटरवर. ४९.५७२ येतं.

म्हणजे मोजपट्टी खोटं बोलली नाही. तिनं बहुभुज मोजला आणि अगदी बरोबर मोजला.

आता कुणी म्हणेल, मग बाजू वाढवा. वाढवू. बारा बाजूंना हेच माप ४८.३० येतं, चोवीसला ४९.५७, शंभर बाजू केल्या तर ४९.९७५. पुष्कळ सुधारलं ना? पण ५० एच७ या फिटचा सगळा टॉलरन्स किती असतो ते इथल्या टर्नर मंडळींना तोंडपाठ आहे : ५०.००० ते ५०.०२५. पंचवीस मायक्रॉन. शंभर बाजूंच्या वर्तुळात आपण तेवढेच पंचवीस मायक्रॉन कमी मोजतो. अख्खा टॉलरन्स एका सेटिंगमध्ये गेला. आणि प्रत्येक भोकाला शंभर बाजू दिल्या तर एखाद्या गिअरबॉक्सची फाइल फोनवर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

अजून एक गंमत. भोक बहुभुज झालं तसा त्यात बसणारा शाफ्टही बहुभुज होतो. दोघांचे कोपरे एका रेषेत आले नाहीत तर शाफ्टचे कोपरे भोकाच्या सपाट बाजूंतून बाहेर डोकावतात. वेबवर एखादी असेंब्ली फिरवताना बेअरिंगच्या जागी ठिपके चमचमताना दिसतात ना, ते पुष्कळदा हेच असतं. गिऱ्हाईक विचारतं, ‘हे काय आहे?’ आपण सांगतो, ‘ग्राफिक्सचं आहे, सोडून द्या.’

मी स्वतःला माफ करण्यासाठी हे सांगत नाही. त्रिकोण करावेच लागतात, त्याला इलाज नाही. प्रश्न असा आहे की त्रिकोण करताना काही तरी सोडलं हे बघणाऱ्याला कुठं कळतं?

इथं दोन फाइल-प्रकार शेजारी ठेवून बघू. स्टेप हा कॅडच्या देवाणघेवाणीचा आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०३०३, १९९४ पासूनचा. स्टेप फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते, साधा मजकूर असतो. कधी उघडून वाचा. अगदी वर लेखकाचं नाव, संस्थेचं नाव आणि शेवटी मान्यता कुणी दिली याचीही जागा असते. आपल्या ड्रॉइंग शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीसारखीच, ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. बहुतेक लोक ती रिकामी सोडतात, तो भाग वेगळा. पुढं फाइलमध्ये एक ओळ अनिश्चिततेची असते : या भूमितीत किती अंतरापर्यंतचे दोन बिंदू एकच मानायचे. म्हणजे फाइल स्वतःच आपली अचूकता सांगते.

आता वेबवरचा प्रकार, जीएलटीएफ. ख्रोनोस नावाचा उद्योगसमूह तो सांभाळतो. दुसरी आवृत्ती २०१७ची, आणि २०२२ मध्ये तोही आयएसओ मानक झाला. फार चांगला बेतलेला आहे, मी रोज वापरतो. पण त्यात वरती काय लिहायची सोय आहे? आवृत्ती, फाइल कुठल्या सॉफ्टवेअरनं बनवली, आणि कॉपीराइट कुणाचा. अचूकतेसाठी ठरलेली जागा नाही. मूळ पृष्ठभागापासून ही जाळी किती लांब आहे हे सांगायची रीतच नाही. मालकी सांगता येते, जबाबदारी सांगता येत नाही. मला ही या मानकाची सगळ्यात मोठी उणीव वाटते. तांत्रिक मंडळी म्हणतील, ‘एक्स्ट्रा’ नावाच्या खणात काय हवं ते लिहा. लिहितोही. पण जो खण उघडायला कुणाला सांगितलेलंच नाही, त्यात लिहिलेलं कोण वाचणार?

ख्रोनोसवाले जीएलटीएफला ‘त्रिमितीचा जेपेग’ म्हणतात. उपमा चांगली आहे, आणि तीच धरून विचारतो. जेपेगमध्ये तपशील जातो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि चालतं, कारण शेताच्या फोटोवर फूटपट्टी ठेवून कुणी बांध घालत नाही. मोजणीसाठी वेगळं खातं आहे, वेगळा नकाशा आहे, त्यावर सही-शिक्का असतो. वेबवरच्या मॉडेलला मात्र आपणच मोजपट्टीचं बटण लावतो आणि तीन दशांश स्थळं दाखवतो. जिथं अर्धा मिलिमीटर फरक आहे तिथं मायक्रॉनचा आव. मामांनी आपल्या हातावर आणि व्हर्नियरवर विश्वास ठेवला नाही, या तीन आकड्यांवर ठेवला. मला टोचतं ते हे.

त्यावर कॉम्प्रेशन आणखी एक थर चढवतं. गूगलचं ड्रॅको नावाचं साधन आहे, जाळी दाबून लहान करायचं. त्याच्या एनकोडरमध्ये काही न सांगता सोडलं तर बिंदूंच्या जागा ११ बिटांत लिहिल्या जातात. ११ बिट म्हणजे २,०४८ पायऱ्या. भाग दोन मीटर लांबीचा असेल, समजा ट्रॉलीची चॅसी, तर एक पायरी जवळपास एक मिलिमीटरची. प्रत्येक बिंदू जवळच्या पायरीवर जाऊन बसतो, अर्धा मिलिमीटर इकडं किंवा तिकडं. पंपाच्या छोट्या हाउसिंगला हे चालून जातं, चॅसीला नाही. साधन तेच, सेटिंग तेच.

एककांचा घोळ तर नेहमीचाच. कॅड मिलिमीटरमध्ये, जीएलटीएफ मीटरमध्ये. कॅडमध्ये बहुधा झेड वर, जीएलटीएफमध्ये वाय वर. रूपांतरात हे विसरलं की पंप आडवा पडतो किंवा हजारपट मोठा होतो. पण ही चूक लगेच डोळ्यात भरते, त्यामुळं तिची मला भीती वाटत नाही. न दिसणाऱ्या चुकीची वाटते.

या क्षेत्रात एक चहाची किटली फार प्रसिद्ध आहे. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरातली किटली कागदावर काढून तिचे वक्र कॉम्प्युटरमध्ये भरले. पुढची पन्नास वर्षं ग्राफिक्स शिकणारा प्रत्येक जण त्या किटलीवर हात साफ करत आला. पहिल्या मॉडेलला तर बूडच नव्हतं. चहा ओतायचा नव्हताच ना! आणि पुढं जिम ब्लिन यांनी एका प्रात्यक्षिकात तिची उंची दाबली, ती तशीच सगळ्यांना आवडली आणि तीच जगभर गेली. खरी किटली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे, मॉडेलपेक्षा उंच. किटलीच्या बाबतीत हा गमतीचा किस्सा आहे, कारण तिच्यावरून कुणी झाकण बनवायला घेतलं नाही.

आता दिसण्याकडं येतो, कारण समीक्षेत तेही आलं पाहिजे. वेबवरची यंत्रं तुम्ही बघितली असतील. सगळी शोरूममधून आल्यासारखी. बिडाचं हाउसिंग क्रोमसारखं लखलखतं. मागं निळसर उजेड, खाली मऊ सावली. मला कुणी विचारलं की यात वाईट काय, तर मी म्हणेन, वाचता येत नाही. कास्टिंग हातात घेतल्यावर कारागीर पहिल्यांदा काय बघतो? कुठली बाजू मशीन केलेली आणि कुठली जशी भट्टीतून आली तशी. खडबडीत तिथं धरायचं, चकचकीत तिथं टेकवायचं. ड्रॉइंगवर त्यासाठी फिनिशच्या खुणा असतात. रूपांतरात त्या खुणा जातात आणि सगळ्या अंगाला एकच चकाकी येते. माहिती पुसून तिच्या जागी रंगरंगोटी.

खरं तर इथं सोपा उपाय आहे, आणि तो न करणं हा निव्वळ आळस आहे. स्टेपमध्ये प्रत्येक पृष्ठभागाला वेगळा रंग देता येतो. जीएलटीएफमध्ये धातूपणा आणि खडबडीतपणा असे दोन वेगळे आकडे असतात. मशीन केलेल्या बाजूंना कमी खडबडीतपणा द्या, कास्ट बाजूंना जास्त. दहा मिनिटांचं काम. मग आयटीआयचा मुलगासुद्धा मॉडेल फिरवून सांगेल की हे टेबलावर कसं ठेवायचं. मी अशी दोन-तीन मॉडेलं केली तेव्हा मार्केटिंगचे साहेब म्हणाले, ‘हे जरा मळकट दिसतंय.’ (हशा) बीड मळकटच दिसतं, साहेब.

हालचालीचंही तसंच आहे. ख्रोनोसनं नमुन्यादाखल ठेवलेल्या मॉडेलांच्या संग्रहात काही कॅडमधून आलेली आहेत : दोन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स, करवत यंत्र, बगी. व्ह्यूअर नीट चालतो का हे तपासायला ती ठेवली आहेत, त्यामुळं त्यांच्यावर फार कडक टीका करणं अन्याय होईल. पण जगभरचे लोक ‘कॅड वेबवर’ म्हणून हेच बघून शिकतात, म्हणून बोलतो. ते दोन सिलिंडरचं इंजिन घ्या. सगळे भाग वेगवेगळे, उतरंड नीट ठेवलेली. फिरवून बघता येतं, पण चालत नाही. क्रँक फिरत नाही, पिस्टन वरखाली होत नाही. कारण कॅडमध्ये ‘हा शाफ्ट त्या भोकात फक्त फिरेल’ अशी जी बंधनं घातलेली असतात, ती रूपांतरात सहसा उतरत नाहीत. उरतात भागांच्या जागा. इंजिनाचा पुतळा.

याच्या उलट एक काम मला मनापासून आवडलं. २०१५च्या ऑगस्टमध्ये, मंगळावर उतरण्याला तीन वर्षं झाली तेव्हा, नासानं क्युरिऑसिटी रोव्हर ब्राउझरमध्ये दिला. तुम्ही तो चालवता. सहा चाकं खडबडीत जमिनीवरून जाताना सस्पेन्शन कसं वाकतं ते दिसतं. हात हलवता येतो, त्याच्या कॅमेऱ्यांतून बघता येतं. मूळ आराखड्यातला प्रत्येक स्क्रू तिथं नाही, असायची गरजही नाही. करणाऱ्यांनी आधी ठरवलं की बघणाऱ्याला काय कळायला हवं, ते ठेवलं, बाकीचं सोडलं. मोजायला तिथं कुणी जात नाही. आम्ही मात्र हातातली फाइल जेवढी दाबता येईल तेवढी दाबतो, आणि जे उरलं ते दाखवतो. माझी पंपाची मॉडेलं दुसऱ्या जातीची होती.

नगरकरांसाठी एक उदाहरण देतो. लूना. १९७२ मध्ये आली, इटलीच्या पियाजिओच्या चियाओ मोपेडवरून परवान्यानं केलेली, ५० सीसी. कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आपल्या दौंड रस्त्यावरचा. इथल्या किती घरांत त्या कारखान्याचा पगार आला हे मी सांगायला नको. उद्या कुणी लूना वेबवर आणायची ठरवली तर काय ठेवाल? आळशी रूपांतर असं : सगळे नट-बोल्ट, त्यांचे आटेसुद्धा, हजारो त्रिकोण त्यातच खर्च, आणि मग फाइल जड झाली म्हणून फ्रेमचे वक्र ओबडधोबड. पेडल चिकटून बसलेलं. समजून केलेलं रूपांतर असं : बोल्टांचे आटे काढून टाका, साधे दांडे ठेवा. एकच बोल्ट एकदाच साठवा आणि पन्नास ठिकाणी त्याचाच दाखला द्या, जीएलटीएफमध्ये ती सोय आहे. वाचलेली जागा फ्रेमच्या वक्रांना द्या. आणि पेडल फिरलंच पाहिजे. पेडल मारून इंजिन सुरू करायचं आणि पेट्रोल संपलं तर पेडल मारतच घरी यायचं, हीच तर लूना. पेडल न फिरणारी लूना मापात अचूक असली तरी चुकीची.

आपल्याकडं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. पाहुणे आले की आपण त्यांना तिथं नेतोच. रणगाड्याभोवती हिंडताना त्याचं वजन अंगावर येतं, ते स्क्रीनवर कधी येणार नाही. पण आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. ते वेबवर दाखवता येतं : कापून, उलगडून, सुटं करून. म्हणजे या माध्यमाची स्वतःची ताकद आहे, ती वापरली तर. नुसतं चकचकीत फिरवण्यात ती वाया जाते.

मात्र उलगडून दाखवण्याला एक दुसरी बाजू आहे, आणि इथल्या छोट्या कारखानदारांनी ती लक्षात ठेवावी. वेबवर टाकलेलं मॉडेल बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरलेलं असतं. थोडी माहिती असलेला कुणीही ते सेव्ह करून घेऊ शकतो. पंप बाहेरून दिसतो, पण फाइलमध्ये आतला इम्पेलर तसाच पडलेला असतो, त्याच्या पात्यांच्या वळणासकट. ज्या वळणासाठी तुम्ही वर्षं घालवली ते असं पाठवलं जातं, आणि त्यामुळं पान जडही होतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. गिऱ्हाइकाची असेंब्ली असेल तर गुप्ततेचा करार मोडला तो वेगळाच. बाहेरचं कवच ठेवून आतलं काढणं हे रूपांतर करणाऱ्याचं काम आहे. पण कुठलं गुपित आणि कुठलं नाही, ते त्याला मालकानं सांगायला हवं. माझ्या अनुभवात दोघंही गृहीत धरतात की दुसऱ्यानं बघितलं असेल.

आता नावांबद्दल थोडं. मॉडेलवर बोट ठेवलं की भागाचं नाव दिसतं. काय दिसतं? ‘सॉलिड १२’. ‘पार्ट ३ कॉपी कॉपी’. कॅडमध्ये घाईनं दिलेलं नाव जगासमोर जातं. मराठी नाव द्यायला अडचण नाही, जीएलटीएफ युनिकोड घेतं, देवनागरी सरळ बसते. स्टेपमध्ये देवनागरी अक्षरं आकड्यांच्या खुणांनी लिहावी लागतात आणि काही सॉफ्टवेअर ती वाचताना प्रश्नचिन्हांची रांग लावतात, म्हणून नावं रूपांतरानंतर घातलेली बरी. फक्त विनंती आहे, पिस्टनला पिस्टनच म्हणा. ‘दट्ट्या’ लिहिलं की शॉपमधला मुलगा माझ्याकडं बघून हसतो. पाठ्यपुस्तकाबाहेर तो शब्द मी फारसा ऐकलेला नाही.

(प्रश्न : मग मोजपट्टीचं बटण काढूनच टाकायचं का?)

चांगला प्रश्न. मी सध्या असं करतो. रूपांतराच्या वेळी मूळ फाइल सांगतेच की हा पृष्ठभाग दंडगोल आहे, त्रिज्या २५. तो आकडा फेकून न देता त्या ‘एक्स्ट्रा’ खणात लिहून ठेवतो. व्ह्यूअरमध्ये बोअरवर बोट ठेवलं की तिथला आकडा दाखवायचा, त्रिकोण मोजायचे नाहीत. ज्यांना खर्च परवडतो ते मूळ भूमिती सर्व्हरवर ठेवून तिथंच मोजतात. ऑनशेपसारखं ब्राउझरमधलं कॅड तसंच चालतं. आणि आता स्टेप फाइल सरळ ब्राउझरमध्ये वाचणारी मुक्त साधनंही आहेत, ओपन कॅस्केड या इंजिनावर उभी असलेली. त्यात तुमची फाइल तुमच्याच मशीनवर राहते, कुठं अपलोड होत नाही. पण यातलं काहीच करणार नसाल, तर हो, बटण काढा. गिऱ्हाइकाला वाईट वाटलं तरी काढा. आणि मॉडेलच्या खाली एक ओळ लिहा. मी आता लिहितो : ‘दाखवण्यासाठी. मूळ पृष्ठभागापासून कमाल फरक ०.२ मिमी. माप ड्रॉइंगवरून घ्यावे.’ आणि त्याखाली रूपांतर कुणी केलं ते, म्हणजे माझं नाव आणि तारीख. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कंपनीनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, ड्रॉइंगवर कशाला असतं?

(प्रश्न : ०.२ हा आकडा तुम्हाला कसा कळतो?)

सेटिंगमध्ये मीच दिलेला असतो. कोनाच्या मर्यादेशिवाय अंतराची मर्यादाही देता येते, की जाळी मूळ पृष्ठभागापासून यापेक्षा लांब जाऊ नये. त्या पंपाच्या वेळी तो रकाना माझ्यासमोरच होता. मी बघितला नव्हता. आणि नंतर ड्रॅको लावला तर त्याची पायरीही त्यात धरावी लागते, ते विसरू नका. एकदा तयार झालेलं मॉडेल मूळ फाइलवर ठेवून फरक तपासणारी साधनं आहेत. मोठ्या कामाला मी तसं तपासतो, छोट्याला नाही. खरं सांगतो.

मामांची ती ४९.५५ची पिन मी त्यांच्याकडून मागून घेतली होती. माझ्या टेबलावर असते. आज आणली आहे, आणि ५० एच७ची एक रिंगही आणली आहे. कुणाला बसवून बघायची असेल तर पुढं या. व्हर्नियरही आणलाय.